हद्द सरकारची, वाटणी आपली : हौशी रेडिओचे बँड आणि बोलण्याची रीत



१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. त्या दिवशी आणि त्यानंतर चिमूरला काय घडलं, हे चंद्रपूरच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. मला बोलायचं आहे ते त्या बातमीच्या प्रवासाबद्दल. गावात लष्कर शिरलेलं, वर्तमानपत्रांवर निर्बंध, आणि चौकशी व्हावी एवढ्या मागणीसाठी प्रा. भन्साळींना ६३ दिवस उपोषण करावं लागलं, असा तो काळ. अशा वेळी आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत लोकांना ऐकवली ती मुंबईतल्या एका गुप्त केंद्रानं, काँग्रेस रेडिओनं. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ते चालवत. मुंबईतल्या हौशी रेडिओवाल्यांची त्यांना मदत होती. २७ ऑगस्टला केंद्र सुरू झालं, जागा बदलत राहिलं आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांच्या हाती लागलं. निवेदनाच्या सुरुवातीला तरंगलांबी सांगितली जाई : ४२.३४ मीटर.

३०० ला ४२.३४ नं भागलं की साधारण ७.०८ येतात. ७.०८ मेगाहर्ट्झ. आज भारतात ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ ही जागा हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, दिलेली आहे. तिला आम्ही 'चाळीस मीटर' म्हणतो. चिमूरची बातमी ज्या जागेवरून गेली, त्याच जागेवर आज रोज सकाळी देशभरचे हॅम एकमेकांना नमस्कार करतात, हवापाणी सांगतात आणि आपापल्या अँटेनाचं कौतुक करतात. कौतुक जरा जास्तच करतात, पण तो दोष आमच्या सगळ्या जमातीचा आहे.

ही जागा केवढी आहे ते आधी बघू. ७.००० ते ७.२०० म्हणजे २०० किलोहर्ट्झ. माणसाचं बोलणं सिंगल साइडबँडनं पाठवायचं तर एका संभाषणाला जवळपास तीन किलोहर्ट्झ लागतात. भागाकार केला तर सगळा बँड बोलणाऱ्यांनाच देऊन टाकला तरी एका वेळी फार तर पासष्ट-सहासष्ट संभाषणं बसतील. आणि या लहरी राज्याची हद्द मानत नाहीत. रात्री याच बँडवर इंडोनेशिया, जपान, रशिया येऊन बसतात. त्यात मोर्सवाले आहेत, संगणकाच्या साहाय्यानं बोलणारे आहेत, दहा वॅटवाले आहेत आणि चारशे वॅटवालेही आहेत. एवढ्या थोड्या जागेत एवढी माणसं एकमेकांच्या अंगावर न जाता राहतात कशी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

उत्तर असं की ७.००० आणि ७.२०० या दोन खुणा सरकारनं ठोकलेल्या आहेत, आतली वाटणी मात्र सरकार करत नाही. ती वापरणाऱ्यांनी आपसांत ठरवलेली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं जगाचे तीन विभाग केले, त्यात आपण तिसऱ्या विभागात येतो. १९२५ साली पॅरिसला हौशी रेडिओवाल्यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याच्या तिसऱ्या विभागाच्या परिषदेत देशोदेशींच्या संस्था बसतात आणि ठरवतात की बँडच्या तळाशी मोर्स, त्याच्यावर संगणकी पद्धती, आणि त्याच्यावर बोलणं. भारताकडून तिथं अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया असते. या वाटणीला बँड प्लॅन म्हणतात. तो मोडला म्हणून सहसा कुणी पोलिसात जात नाही. तरी तो बऱ्यापैकी पाळला जातो.

हे ऐकून परक्या ठिकाणच्या श्रोत्यांना नवल वाटतं. इथं वाटायला नको. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुमच्या शेजारचं आहे. २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी ते एक. सुमारे अठराशे हेक्टर जंगल. कायदा २००६ चा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ग्रामसभा बसत होती, निर्णय सर्वांच्या संमतीनं घेत होती आणि बांबू कुणी, किती, कधी तोडायचा हे ठरवत होती. कागदावर हद्द कुणाचीही असो, आतली शिस्त रोज जंगलात जाणाऱ्या माणसांनी सांभाळली. हौशी रेडिओचा बँड हे तसलंच सामाईक रान आहे. फरक एवढाच की इथली झाडं दिसत नाहीत, त्यामुळे कुणाच्या कुऱ्हाडीनं काय तुटलं हे तोडणाऱ्याला कळतच नाही.

हे न कळणं फार महत्त्वाचं आहे. आमच्या रीतीभातींचा निम्माअधिक भाग त्याच्यातूनच निघालेला आहे.

साधा नियम आहे : बोलण्याआधी ऐका, आणि ऐकून शांतता वाटली तरी विचारा, "ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का?" मोर्समध्ये त्यासाठी 'क्यू आर एल' असा तीन अक्षरांचा संकेत आहे. नवा माणूस म्हणतो, मला काहीच ऐकू येत नाही, मग विचारायचं कशाला? कारण काही ऐकू येत नाही याचा अर्थ जागा मोकळी आहे असा होत नाही. चाळीस मीटरच्या लहरी वर आयनमंडलापर्यंत जातात आणि तिथून वाकून खाली येतात. रात्री आयनमंडल विरळ झालं की जवळच्या माणसाकडे उभ्या कोनात गेलेली लहर परत येत नाही, ती निघून जाते. तिरक्या गेलेल्या लहरी मात्र लांब उतरतात. मग चंद्रपूरच्या माणसाला कोलकाता खणखणीत ऐकू येतं आणि शेजारचं नागपूर अजिबात नाही. आता समजा नागपूरवाला कोलकात्याशी बोलतो आहे, त्याची पाळी चालू आहे आणि कोलकातावाला गप्प बसून ऐकतो आहे. चंद्रपूरवाल्याला काय ऐकू येईल? शून्य. तो बेधडक बटण दाबेल आणि कोलकात्याच्या कानात नागपूरच्या डोक्यावर जाऊन बसेल. विचारलं असतं तर कोलकात्यानं "हो, वापरात आहे" एवढं सांगून काम भागवलं असतं. विचारायचं ते एकदा नाही, थोडं थांबून दोनदा, आणि आपलं कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची आपली ओळख, सांगून. ही भौतिकशास्त्रानं शिकवलेली सभ्यता आहे.

दुसरं कारण गोंगाटाचं. चंद्रपूर म्हणजे औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, कारखाने आणि चारी बाजूंना जाणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या. इथून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची एकदिश विद्युतवाहिनी १९९९ पासून आहे. त्याशिवाय प्रत्येक घरात एलईडी दिवे, चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर. शहरातल्या रिसीव्हरमध्ये सतत खरखर असते आणि दुबळा सिग्नल तिच्याखाली बुडतो. भामरागडला किंवा कोरचीच्या पलीकडे ही खरखर नाहीच म्हटलं तरी चालेल. त्यामुळे पाच वॅटवर बोलणारा भामरागडचा माणूस चंद्रपूरला स्पष्ट ऐकतो, पण चंद्रपूर त्याला ऐकत नाही. अशा वेळी शहरातला माणूस आपली पॉवर वाढवतो. त्यानं काय साधतं? तो आधीच ऐकू येत होता! गरजेपुरतीच शक्ती वापरा, हा आमच्याकडचा जुना दंडक आहे. ज्याची ताकद जास्त त्याचं ऐकणं आधी सुधारावं, वॅट नंतर.

सकाळ-दुपारची गोष्ट वेगळी. दिवसा चाळीस मीटरची लहर सरळ वर पाठवली तरी खाली येते आणि तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात सगळीकडे पडते. डोंगर, साग, पावसानं ओथंबलेला पानोरा, कशाचीच आडकाठी नाही. हँडसेटची व्हीएचएफ लहर ओल्या जंगलात थोड्याच अंतरावर दम तोडते. ही वरून येते. त्यासाठी उंच मनोराही लागत नाही. दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार, दोन बांबूंच्या मध्ये चार-पाच मीटर उंचीवर ताणलेली, आणि खाली बारा व्होल्टची बॅटरी. जमिनीजवळची अँटेना इथं उलट उपयोगाची, कारण आपल्याला लांब नाही, जवळ बोलायचं आहे. गडचिरोलीच्या बांबूला इतकं हलकं काम दुसरं कुठलं मिळणार नाही. सूर्य मावळल्यावर हेच अंतर राखायला ऐंशी मीटरवर, साडेतीन मेगाहर्ट्झच्या पुढे, उतरावं लागतं, आणि पावसाळ्यात तिथं विजांचा कडकडाट कानात घेऊन बसावं लागतं.

आता हद्दीवरच्या झाडांबद्दल. चाळीस मीटरवर बोलणारे लोअर साइडबँड वापरतात. म्हणजे डायलवर दिसतो त्या आकड्याच्या खाली तीन किलोहर्ट्झ आपला आवाज पसरतो. डायल ७.००१ वर ठेवून बोललात तर आवाज बँडच्या बाहेर, दुसऱ्याच्या हद्दीत गेला. वीस मीटरवर उलटं आहे. तिथं अपर साइडबँड, आवाज वरच्या बाजूला. १४.३५० ला बँड संपतो, म्हणून १४.३४९ वर बोलणारा माणूस आकडा बघून खूश असतो आणि बोलत असतो हद्दीपलीकडे. परवाना परीक्षेत हे विचारोत न विचारोत, प्रत्येकानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

बँडच्या आत काही राखीव कोपरेही आहेत. १४.१०० मेगाहर्ट्झ हा त्यातला माझा सर्वांत आवडता. इथं जगभर पसरलेली १८ स्वयंचलित केंद्रं पाळीपाळीनं दहा-दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत फेरी पुरी करतात. आपल्याला सर्वांत जवळचं श्रीलंकेचं. प्रत्येक केंद्र आधी आपलं नाव मोर्समध्ये सांगतं आणि मग एकेक सेकंदाचे चार सूर देतं : पहिला १०० वॅटचा, दुसरा १० चा, तिसरा १ चा आणि चौथा एक दशांश वॅटचा. तो चौथा सूर कानावर आला की समजावं, रस्ता उघडा आहे आणि दिव्याच्या एका लहानशा बल्बाहून कमी शक्तीत माणूस समुद्रापार पोचू शकतो. आणि नेमकं तिथंच कुणीतरी अँटेना जुळवायला शीळ सोडतो. जाणूनबुजून नाही. त्याला ती जागा रिकामी वाटलेली असते.

७.०७४ आणि १४.०७४ हे दुसरे कोपरे. तिथं एफटी-८ नावाच्या पद्धतीचे सिग्नल असतात. २०१७ साली ती तयार करणाऱ्यांपैकी एक जो टेलर. पदार्थविज्ञानाचं १९९३ चं नोबेल मिळालेला हा खगोलशास्त्रज्ञ हॅमही आहे. एक संदेश ५० हर्ट्झमध्ये बसतो, पंधरा सेकंदांच्या पाळीनं जातो आणि माणसाच्या कानाला जवळपास न कळणाऱ्या आवाजातून संगणक तो उकलतो. म्हणजे एका बोलणाऱ्याच्या जागेत तिथं पन्नासेक माणसं बसलेली असतात. त्यांच्या मधोमध जाऊन "हॅलो, हॅलो" करणाऱ्याला नुसती चिवचिव ऐकू येते आणि तो वैतागतो. दुसऱ्या बाजूनं हेही सांगायला हवं की एफटी-८ वाल्यांपैकी पुष्कळांना आता माणसाशी बोलायचा कंटाळा येऊ लागला आहे. संगणकाला संगणक भेटतो, नोंद होते, मालक चहा पीत असतो. मला त्यात रस नाही. पण मला रस नाही म्हणून त्यांची जागा माझी होत नाही.

दोन मीटरच्या बँडवर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, वरचा १४५.८०० ते १४६.००० हा भाग उपग्रहांचा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा आवाज १४५.८०० वर उतरतो. भारताचा स्वतःचा हॅमसॅट ५ मे २००५ ला श्रीहरिकोटाहून गेला आणि नऊ वर्षं देशोदेशींच्या हॅमना कामी आला. वरून येणारा सिग्नल क्षीण असतो, म्हणून या भागात खालच्या गप्पा नकोत.

बोलण्याच्या रीतीकडे वळतो. कॉल साइन स्पष्ट सांगावं, बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावं, आपली पाळी संपली की थोडी फट ठेवावी म्हणजे तातडीचा निरोप असलेल्याला मध्ये शिरता येतं. हे सगळीकडचं आहे. मराठीत बोलणाऱ्यांचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे, ते आकड्यांचं. खरखरीत 'सात' आणि 'साठ' वेगळे ऐकू येत नाहीत. 'त्रेसष्ट' आणि 'त्रेपन्न' यांचा शेवट बुडाला की उरतं ते फक्त 'त्रे'. शिवाय आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, इंग्रजी-तेलुगूत बरोबर उलट. सिरोंच्याचा तेलुगू माणूस आणि चंद्रपूरचा मराठी माणूस औषधाच्या बाटल्यांचा आकडा एकमेकांना सांगत असतील तर घोळ ठरलेला. म्हणून आकडा एकेक अंक सुटा सांगायचा : सहा, तीन. आणि ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. गावांचंही तसंच. आरमोरी आणि अहेरी, कोरची आणि कुरखेडा, दुबळ्या सिग्नलवर यांतला फरक पुसला जातो आणि प्रत्यक्षात आरमोरीहून अहेरी शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिथं अल्फा-रोमिओ, अल्फा-हॉटेल अशी अक्षरं फोडून सांगण्यात कमीपणा नाही. भाषा कुठलीही वापरा. मराठी, तेलुगू, कोरचीकडची छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडची बंगाली, माडिया, गोंडी. नियमाला साधी, उघड भाषा हवी, सांकेतिक नको. व्यापार नको. परक्याचा निरोप ऐकून तिसऱ्याला सांगणं नको.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. मोबाइल आहे ना! आहे. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेचं पाणी पुलावरून जायला लागलं की तालुक्याचं ठिकाण बाकी जगापासून तुटतं, आणि हे कित्येक पावसाळ्यांत घडलेलं आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला गोसीखुर्दचं पाणी सुटलं आणि ब्रह्मपुरीपासून खाली वैनगंगेकाठची गावं पाण्यात गेली. वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते, तार तुटते. अशा वेळी बारा व्होल्टवर चालणारं, मधे कुठलाही टॉवर न लागणारं साधन हाताशी असणं ही चैन नव्हे.

पण साधन असून भागत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद अंदमानात रेडिओ मोहिमेवर होत्या. हौशी रेडिओसाठी ती बेटं दीड दशकाहून अधिक काळ बंद होती, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्याशी क्षणभर बोलायला झुंबड करत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. त्यांनी मोहीम थांबवली आणि पोर्ट ब्लेअरहून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पाठवायला सुरुवात केली. हे जमलं ते एरवीच्या सवयीमुळे. झुंबडीत एकेकाला नेमकं उचलणं, थोडक्यात बोलणं, लिहून घेणं, हा रियाज त्यांचा आधीच झालेला होता. पूर आल्यावर शिस्त शिकता येत नाही.

आपत्तीत एका फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या सगळ्यांचं संभाषण, म्हणजे आमच्या भाषेत नेट, एकच माणूस चालवतो. त्यानं बोलावल्याशिवाय बोलायचं नाही. निरोप लिहिलेला असावा, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ त्यावर असावी, आणि आपल्या पदरचा एक शब्दही त्यात घालू नये. "पाणी वाढतंय असं वाटतं" आणि "पाणी पुलाच्या कठड्याला लागलं" यांत जीव जाण्याएवढा फरक आहे. आपल्या विभागात ३.६००, ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ ही तातडीच्या कामाची ठिकाणं ठरलेली आहेत. एरवी तिथं बोलायला बंदी नाही, पण तिथं बोलणाऱ्यानं मध्येमध्ये थांबून कान द्यावा. आणि मदत करता येत नसेल त्यानं गप्प बसावं. "मी काही मदत करू का?" असं दर दोन मिनिटांनी विचारणारे उत्साही लोक नेट चालवणाऱ्याला पुराइतकेच जड जातात.

एक कडू गोष्ट बोलून घेतो. बाजारात दोन-तीन हजारांत चिनी हँडसेट मिळतात. त्यांतले बरेच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठंही बोलू शकतात. त्यात आमचा बँड आहे, तसेच सरकारी खात्यांचे वायरलेसही आहेत. ताडोब्याच्या आसपास वाघ दिसल्याची खबर द्यायला असा हँडसेट विनापरवाना वापरणं हा गुन्हा आहेच, शिवाय कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कोण वनरक्षक मदत मागतो आहे हे वापरणाऱ्याला माहीत नसतं. गडचिरोलीत तर अनोळखी वायरलेसकडे पोलीस संशयानं बघणारच, आणि बघावं. ज्याला फक्त जवळपास बोलायचं आहे त्याच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर कमी शक्तीचे विनापरवाना हँडसेट कायद्यानं मोकळे आहेत. उषा मेहतांनी परवान्याची पर्वा केली नाही ती चिमूरची किंकाळी देशाला ऐकवण्यासाठी, आणि त्याची किंमत तुरुंगात मोजली. त्यांचं नाव घेऊन जिप्सीतल्या हँडसेटला कुणी थोरवी देऊ नये.

परवाना मिळणं अवघड नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण लागतात, केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, रेडिओचं प्राथमिक विज्ञान आणि नियम एवढा अभ्यास. वरच्या श्रेणीला मोर्सही लागतं. पोलीस पडताळणी होते, चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तिला वेळ लागू शकतो, म्हणून अर्ज लवकर करावा.

इथं महाविद्यालयांचे प्राचार्य बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली, अहेरी, सिरोंचा इथं विज्ञानाच्या मुलामुलींना या परीक्षेला बसवा. परवाना येईपर्यंत त्यांना नुसतं ऐकू द्या, ऐकायला लागतो तो सिंगल साइडबँड उकलणारा शॉर्टवेव्ह रिसीव्हर. परवाने हाती आले की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कळवून आठवड्यातून एकदा, सकाळी ठरल्या वेळी, चाळीस मीटरवर दोन जिल्ह्यांची नेट सुरू करा. सुरुवात मे महिन्यात करा, म्हणजे पर्लकोटा चढायच्या आत कोण कुणाला ऐकतो आणि कोण नाही, याचा तक्ता तहसील कचेरीत लागलेला असेल.